केवडाबंदरला अर्धा तास

तापी समुद्राला मिळते ते मरायच्या आधी एकदा बघायचं आहे, असं जसोदाबाईंनी फाल्गुनात जाहीर केलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. ज्या बाईनं जन्मभर तापी डोळ्यांसमोरून वाहताना पाहिली आणि ही जाते तरी कुठे, असं एकदाही विचारलं नाही, तिला सत्तरीत एकाएकी भूगोलाचा पुळका यावा, हे जरा जास्तच होतं.

"माय, तापी तं सुरतजोडे भेटस दर्याले," थोरला भूपेंद्र म्हणाला. "हाई सहल नवसारीकडथून जास."

"दर्या एकच शे," जसोदाबाई म्हणाल्या. "कोठून बी देखा."

खरं कारण धाकट्या धीरजला ठाऊक होतं, कारण ते त्यानंच पुरवलं होतं. शहाद्याचा एक टूरवाला आठवड्यातून एकदा ‘एका दिवसात दर्यादर्शन’ अशी सहल काढायचा. पहाटे निघायचं, नवापूरवरून गुजरातेत उतरायचं, दांडी बघायची आणि मग समुद्राच्या कडेकडेनं जाणाऱ्या रस्त्यानं थांबत थांबत पुढे जायचं. त्या रस्त्यावर केवडाबंदर नावाचं मच्छीमारांचं गाव होतं, आणि त्या गावात मोहिनी राहत होती.

मोहिनी म्हणजे जसोदाबाईंची शेंडेफळ लेक. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बसवायला आलेल्या हसमुख टंडेलबरोबर ती दहा-अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेली. तिच्या वडिलांनी, चुनीलाल पाटलांनी, तेव्हा आरडाओरडा केला नाही, पोलिसांत गेले नाहीत, कुणाला मागावर धाडलं नाही. ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "मले दोनच आंडोर शेतस. आंडेर नई." दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. माणूस शब्दाचा इतका पक्का, की त्या दिवसापासून घरात मोहिनी हे नाव निघालं नाही आणि आंडेर हा शब्दही त्यांच्या तोंडी कुणी ऐकला नाही. शेजारच्या घरची लेक माहेरपणाला आली तर ते ‘पाहुणी उनी’, पाहुणी आली, एवढंच म्हणायचे.

जसोदाबाई गोठ्यात उभ्या राहून धीरजच्या फोनवरून तिच्याशी चोरून बोलत. पण बोलून पोट भरत नव्हतं. त्यांना लेकीच्या तोंडावरून एकदा हात फिरवायचा होता, बस्स. ती वाळली की सुटली, केस अजून तसेच दाट आहेत की गेले, हे फोनवर कसं कळणार? केवडाबंदरला गाडी चहासाठी अर्धा तास थांबते. घर थांब्याच्या मागच्याच गल्लीत. धीरजबरोबर गुपचूप जायचं आणि गुपचूप यायचं, असं मायलेकांचं ठरलं होतं.

पण आदल्या संध्याकाळी जेवताना चुनीलाल पानावरून मान वर न करता म्हणाले, "धीरज, त्या गाडीमा मले बी जागा देख."

जसोदाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली. चुनीलाल जातात म्हटल्यावर भूपेंद्रही निघाला, कारण नाना, म्हणजे वडील, एकटे कसे जाणार. आणि भूपेंद्र निघाला म्हणून त्याची बायको कामिनी. म्हणजे गुपचूप जायची सहल पाहता पाहता अख्ख्या घराची झाली.

पहाटे पिशव्या गाडीत चढवताना कामिनीनं एक डबा उघडून पाहिला. आत ज्वारीच्या, पापडांसारख्या बिबड्या होत्या, उन्हात वाळवलेल्या, कच्च्या.

"माय, ह्या बिबड्या गाडीमा कोठे भाजशात?" तिनं हळूच विचारलं.

जसोदाबाई पिशवीचे बंद ओढू लागल्या. कामिनी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं डब्याचं झाकण गच्च लावलं आणि डबा स्वतःच्या पिशवीत तळाशी घातला, वर नवऱ्याचा टॉवेल टाकला. आजवर नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली ही सून आपल्या बाजूला कधी आली, हे जसोदाबाईंना कळलंच नाही. बऱ्या वाटल्या त्यांना तिच्या हातातल्या बांगड्यासुद्धा.

गाईड म्हसावदचा भिला. हातात माइक आला की तो शाळेतल्या मराठीत शिरायचा आणि माइक खाली ठेवला की घरच्या बोलीत परतायचा. "सन्माननीय पर्यटकहो, आता आपण सह्याद्रीच्या शेवटच्या डोंगररांगा ओलांडून गुर्जरभूमीत प्रवेश करीत आहोत," असं तो नवापूरच्या पुढे म्हणाला आणि लगेच ड्रायव्हरकडे वळून, "अरे धिरे धिरे चालाव ना भो, मांगला लोके उचकी ऱ्हायनात." गाडीत हशा पिकला. गाडीत बहुतेक केळीवाले आणि ऊसवाले पाटीलच होते, त्यांनी व्याऱ्यापर्यंत केळीच्या भावाची चर्चा केली आणि पुढं डोळे मिटले.

चुनीलाल मात्र जागे होते. खिडकीशी ताठ बसलेले. त्यांनी नवं धोतर नेसलं होतं आणि कडक इस्त्रीची टोपी घातली होती, ती सहसा सोयरिकीच्या बैठकीलाच पेटीतून निघायची. दर्या देव आहे, देवाला चांगलं नेसून जावं, असं त्यांनी विचारणाऱ्याला सांगितलं. जसोदाबाईंना वाटलं, हे ऊन, हा प्रवास, गुडघे धरतात तरी हा माणूस कशाला आला? राखण करायला. दुसरं काय?

दांडीला समुद्र दिसला. भिलानं मिठाच्या सत्याग्रहाची माहिती मन लावून सांगितली. लोक धोतरं, पँटी वर धरून पाण्यात शिरले, कामिनीनं चुळका भरून पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं. जसोदाबाईंनी समुद्राकडे पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, "भिला भाऊ, आते फुडे कोनतं गाव?" ज्या दर्यासाठी त्यांनी दोन महिने घर डोक्यावर घेतलं होतं, त्याला त्यांनी पुरता एक मिनिटही दिला नाही.

"जसोदे," चुनीलाल मागून म्हणाले, "दर्या देखाले उनी ना तू? मंग देख ना."

त्यांच्या आवाजात काय होतं ते जसोदाबाईंना कळेना. राग होता म्हणावं तर तसा तो नव्हता.

तिथून पुढचा रस्ता खरोखर देखणा होता. उजवीकडे सरूची झाडं, त्यांच्या फटींतून राखाडी पाणी, डावीकडे मिठागरं आणि चिकूच्या वाड्या. ऊन असं होतं की डांबर लकाकत होतं. गाडीतले लोक फोन काढून खिडक्यांना चिकटले. जसोदाबाई प्रत्येक गावाच्या पाटीकडे बघत होत्या. वाडवडील गुजरातेतून आले, घरात गुजराती वळणाचे शब्द अजून होते, पण ती अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. मग पुढच्या सीटवरून धीरजनं मागं हात घालून त्यांचा गुडघा दाबला.

"सन्माननीय पर्यटकहो, केवडाबंदर. चहापाण्यासाठी अर्धा तास."

चहाची टपरी, नारळाचा ढीग, दोन लाकडी बाकं. मागे देऊळ आणि देवळाच्या बाजूनं आत जाणारी एक अरुंद गल्ली. गल्लीच्या तोंडाशी बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांचा वास सगळ्या थांब्यावर पसरला होता. भूपेंद्रनं नाकाला रुमाल लावला. जसोदाबाईंचे पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले.

"आठे बठ," चुनीलाल म्हणाले. ते बाकावर बसले होते आणि शेजारची जागा हातानं झटकत होते.

त्या बसल्या. चाळीस-पन्नास वर्षांची सवय होती ती, ‘बठ’ म्हटलं की बसायची. धीरज गल्लीच्या तोंडाशी उभा राहून डोळ्यांनी खुणावत होता. चहा आला. चुनीलाल बशीत ओतून नुसतीच फुंकर मारत बसले. पाटील मंडळींनी नारळ फोडले, फोटो काढले. अर्धा तास किती असतो? कुणाच्या बाळंतपणात दारापाशी काढलेला अर्धा तास वर्षभराचा वाटावा आणि इथं तो चहा निवता निवता संपत चालला होता. मोहिनीचं बाळंतपण तर त्यांनी पाहिलंच नव्हतं. तिला मुलगी झाली हेसुद्धा बारशानंतर कळलं.

"नाना, मांगे देऊळ शे, दर्शन करी येवा का?" धीरजनं बापाला उठवायचा प्रयत्न केला.

"आठूनच हात जोडस मी."

भिलानं शिट्टी फुंकली. लोक गाडीकडे चालू लागले. भूपेंद्र सगळ्यात पुढे. चुनीलालही गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चाल."

जसोदाबाई उठल्या नाहीत.

"चाल ना वं. गाडी निंघी ऱ्हायनी."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला, पण एकदा निघाला तसा तो थांबेना. "मी दर्या देखाले नई उनी. मी मन्ही पोरले देखाले उनी. मोहिनीले. तिन्हं घर तठे गल्लीमा शे. तुमले नई येनं व्हई तं तुम्ही गाडीमा बठा. मी तिन्हा तोंडवर हात फिरायीसन येस. नई त् मी आठेच ऱ्हास."

इतक्या वर्षांत ते नाव पहिल्यांदा उघड्यावर उच्चारलं गेलं होतं, तेही चहाच्या टपरीवर, चार परक्या माणसांसमोर.

भूपेंद्र धावत परत आला. "माय, अक्कल शे का? नानासना समोर हाई नाव? धीरज, तुन्हंच काम शे ना हाई?"

"मन्हंच शे," धीरज म्हणाला.

"समाजमा तोंड दखाडानं शे आपले! ते मासा खानारास्नं घर..."

"तुम्ही गाडीमा बठा," कामिनी नवऱ्याला म्हणाली. बिबड्यांचा डबा तिच्या हातात होता. "भिला भाऊले मी सांगस थांबाले." भूपेंद्र बायकोकडे बघतच राहिला. लग्न झाल्यापासून तिनं त्याला बसायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ असावी.

चुनीलालनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. मग बोंबलांच्या बांबूंना वळसा घालून गल्लीत शिरले, एकटेच, पुढे. कुठे वळायचं ते त्यांनी कुणाला विचारलं नाही.

घर लहान, निळ्या रंगाचं, दारात जाळ्यांचा ढीग. मोहिनी उंबऱ्यात उभी होती. सकाळपासूनच उभी असावी. ती वाळली नव्हती, जरा सुटलीच होती. कानापाशी दोन-चार केस पांढरे झाले होते आणि तेवढं बघून जसोदाबाईंना रडू फुटलं. त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गाल चाचपले, कपाळ चाचपलं, हनुवटीवरचा लहानपणी झोक्यावरून पडल्याचा व्रण अंगठ्यानं शोधून काढला.

"माय, आखाजीले निंबले झोका बांधतस का आपला घर?" मोहिनीनं रडता रडता विचारलं. एवढ्या वर्षांनंतर पहिलं काय विचारावं, तर अक्षय्य तृतीयेचा झोका.

"तू गई तवयपाईन नई बांधेल."

"आनि पोर कोठे शे तुन्ही?" जसोदाबाईंनीच पुढं विचारलं.

"शाळामा गयी. संध्याकायले येई. थांबशात ना?"

भिंतीवर नातीचा फोटो होता, दोन वेण्या आणि पुढचा एक दात पडलेला. जसोदाबाईंनी त्यावरूनही हात फिरवला, काचेवरून.

हसमुख आतून धावत आला, हात पुसत. "आवो, आवो बापूजी, बेसो," म्हणाला आणि खाट झटकली. चुनीलाल बसले. जावयाकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत ताठ बसले. भूपेंद्र मागोमाग आला होता. तो दाराबाहेरच थांबला.

मोहिनी आत गेली आणि ताटात पाण्याचे पेले घेऊन आली. स्टीलचे, चिंचेनं घासल्यासारखे लख्ख. पाणी गार होतं, पेल्यांना बाहेरून घाम सुटला होता. धीरजनं एक उचलून गटागटा संपवला. भूपेंद्रनं हात मागं घेतला. मग ताट जसोदाबाईंसमोर आलं. उन्हानं त्यांच्या घशाला कोरड पडली होती, आणि लेकीच्या हातचं पाणी होतं ते. त्यांनी पेला उचलला, ओठांशी नेला.

चुनीलालनी हात पुढे करून पेल्यावर पंजा ठेवला.

"नको पेऊ," ते म्हणाले.

मोहिनीचं तोंड उतरलं. हसमुखनं मान खाली घातली. जसोदाबाईंना संताप आला, अंगातून मुंग्या उठल्यासारखा. एवढं येऊन, एवढं बसून, पाण्याचासुद्धा विटाळ? दारातून भूपेंद्र बोलला, त्याला जणू वाटच मोकळी झाली होती. "मी सांगं व्हतं ना? नाना ह्यास्ना घरनं पानी बी पेवावूत नई. चला आते. व्हयनं ना देखीसन?"

"तू उगा ऱ्हाय!" चुनीलाल त्याच्यावर ओरडले. मग बायकोकडे वळले. "आनि तू. तुले बी भान नई? आंडेरना घरनं पानी माय-बाप पेतस का?"

जसोदाबाईंच्या हातातला पेला तिथंच राहिला.

लेक दिली की तिच्या घरच्या पाण्याला आई-बापांनी ओठ लावायचे नाहीत, ही या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. भावांना चालतं, आई-बापांना नाही. जसोदाबाईंचे सासरे लेकीच्या गावाची शीव लागायच्या आत पाणी पिऊन घेत आणि तिचं गाव सुटेपर्यंत कोरडे राहत. जसोदाबाईंचे स्वतःचे वडील त्यांच्या सासरी कितीदा आले आणि कितीदा तहानेले गेले! ही रीत त्या विसरल्या कशा? विसरल्याच होत्या. इतकी वर्षं त्या कुणाच्या घरी लेकीची आई म्हणून गेल्याच नव्हत्या. आणि ज्यानं लेक नाही म्हणून सांगितलं होतं, त्याला ती ध्यानात होती.

"पन नाना," भूपेंद्रला अजून उमगलं नव्हतं, "ते तं दिधेल आंडेरना घरनं. हिले आपन कोठे दिधी? हाई तं पयी गयेल." पळून गेलेल्या लेकीला ही रीत कसली, असं त्याचं म्हणणं.

चुनीलालनी तो पेला जसोदाबाईंच्या हातातून काढून ताटात ठेवला.

"तवय नई दिधी," ते म्हणाले. "आज दिधी. व्हयनं का समाधान तुन्हं?"

मग त्यांनी पहिल्यांदा हसमुखकडे पाहिलं, जरा रागानंच, जावयाकडे पाहावं तसं. हसमुखला त्यांची बोली किती कळली कुणास ठाऊक, पण त्यानं वाकून पायांना हात लावला, आणि चुनीलालनी पाय मागं घेतले नाहीत. मोहिनी ताट जमिनीवर ठेवून बापाच्या गुडघ्यांशी बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो मात्र त्यांना नीट ठेवता येईना.

"पोर कवय येस म्हने शाळामाईन?" त्यांनी विचारलं.

"पाचले, नाना."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाच वाजायला अजून तीन तास होते आणि गाडीत दुसऱ्यांची माणसं होती. कामिनीनं बिबड्यांचा डबा मोहिनीच्या हातात दिला. भूपेंद्र उंबऱ्याच्या आत आला होता आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता. कुणीच उठत नव्हतं. हॉर्न पुन्हा वाजला, मग तिसऱ्यांदा, लांब.

गाडी निघाली तेव्हा मोहिनी थांब्यापर्यंत आली. खिडकीतून जसोदाबाईंनी तिचा हात धरला आणि ड्रायव्हरनं गियर टाकला तसा तो सुटला. बोंबलांचे बांबू, देऊळ, नारळाचा ढीग मागं गेले आणि उजवीकडे पुन्हा सरूची झाडं आणि पाणी सुरू झालं.

"सन्माननीय पर्यटकहो," भिलानं माइक घेतला, मग आरशात मागं पाहिलं आणि माइक खाली ठेवला. पाण्याची बाटली घेऊन तो स्वतः जसोदाबाईंजवळ आला. "पी ल्या, आजी. तोंड सुकी गयं तुमनं. आतेच भरेल शे, गार शे."

जसोदाबाईंनी बाटलीकडे पाहिलं. जीभ टाळ्याला चिकटत होती.

"भिला भाऊ, ह्या गावनी शीव कोठे सरस?"

"तो पूल शे ना फुडे, तठे."

पूल आला. गाडीच्या चाकांखाली फळ्यांसारखा आवाज झाला आणि संपला. शेजारी चुनीलाल खिडकीबाहेर बघत होते, ओठ कोरडे, टोपी मांडीवर. भिलानं बाटलीचं झाकण काढून ती पुढे केली.

"सरनी शीव, आजी. आते पी ल्या."

"ऱ्हाऊ दे," जसोदाबाई म्हणाल्या. "थोडं लांब जाऊ दे आखो."

चुनीलालनीही बाटली घेतली नाही.